वीस हजारांचा मुचलका

वाशी, तुर्भे, रबाळे, पनवेल या पट्ट्यात ‘चॅप्टर’ म्हटले की कुणाला पुस्तकातला धडा आठवत नाही. ‘त्याच्यावर चॅप्टर आहे’ एवढे म्हटले तरी ऐकणाऱ्याला पुढचे कळते. पोलिसांनी चांगल्या वर्तणुकीचा बाँड मागितला आहे, सहायक पोलीस आयुक्तांपुढे तारखा पडताहेत, जामीनदार शोधायची धावपळ चालू आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या आठव्या प्रकरणावरून हा शब्द लोकांच्या तोंडी आला. अशा कारवाईत आधी गुन्हा शाबीत करावा लागत नाही. माणूस पुढे काहीतरी करील, असे अधिकाऱ्याचे मत झाले की कारवाई सुरू होते.

१९१६ साली हाच चॅप्टर लोकमान्य टिळकांना लागला होता. कलम १०८, वीस हजारांचा मुचलका, शिवाय दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार, मुदत एक वर्ष. १९०८ चा खटला आणि मंडाले मराठी माणसाला पाठ असते. १९१६ चा खटला मात्र चरित्रांमध्ये दोन-तीन परिच्छेदांत उरकला जातो. मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण या वेळी वाद एका राजकीय मागणीवरच होता. कारभारावर लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींचा ताबा असावा आणि त्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करावा, असे उघड सभेत म्हणणे हा अपराध होतो का, एवढाच प्रश्न होता. भाषणे, नोटीस, मॅजिस्ट्रेटचा हुकूम आणि हायकोर्टाचा निकाल यांच्या आधारे हा प्रसंग तारीखवार मांडता येतो.

अशा मागणीसाठी शिक्षा करण्याची रीत भारतात जन्मली नव्हती. १७९३ साली एडिंबरोच्या न्यायालयाने टॉमस म्यूर या तरुण वकिलाला चौदा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. पार्लमेंटची निवडणूक सर्वसामान्यांसाठी खुली करा, असे तो सभांतून सांगत होता. त्याच्या मागोमाग पामर, स्कर्व्हिंग, मार्गारो आणि जेराल्ड यांनाही तीच वाट दाखवण्यात आली. पाचही जणांना ऑस्ट्रेलियात धाडले गेले. पुढे इंग्लंडात मताधिकाराचे कायदे झाले आणि १८४४ मध्ये एडिंबरोत या पाच जणांचा स्तंभही उभा राहिला. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, १८७० मध्ये, त्याच इंग्रजांनी भारतीय दंड संहितेत राजद्रोहाचे कलम १२४अ घातले.

१८९७ मध्ये टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला झाला. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला सांगितले की या कलमातली ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. दुसऱ्याच वर्षी सरकारने १२४अ ची व्याप्ती वाढवली आणि नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १०८ आणले. राजद्रोही मजकूर पसरवणाऱ्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेण्याची तरतूद त्यात होती. अठरा वर्षांनी ते कलम टिळकांवरच लावण्यात आले.

जून १९१४ मध्ये टिळक मंडालेहून पुण्याला परतले, तेव्हा त्यांची साठी जवळ आली होती. ते तुरुंगात असतानाच सत्यभामाबाई वारल्या होत्या. मधुमेहाने शरीर पोखरले होते. ऑगस्टात महायुद्ध सुरू झाले आणि २७ ऑगस्टला त्यांनी वृत्तपत्रांकडे एक पत्र धाडले. आयर्लंडमधले होमरूलवाले ज्या रीतीने कारभारात सुधारणा मागतात त्याच रीतीने आम्ही मागतो, सरकार उलथवण्याचा आमचा हेतू नाही आणि हिंसक कृत्ये मला मान्य नाहीत, असा त्याचा आशय होता. हे पत्र म्हणजे माघार, असे काहींनी म्हटले. दोन वर्षांनंतरच्या भाषणांशेजारी ते ठेवून वाचले, तर ती पुढच्या मागणीची पायाभरणी दिसते. ‘सुधारणा’ हा शब्द त्यांनी पुढे एकदाही सोडला नाही.

२८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात मुंबई प्रांतिक परिषदेच्या वेळी होमरूल लीगची स्थापना झाली. अध्यक्षपद बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टांकडे गेले. माझगावचे हे ईस्ट इंडियन ख्रिस्ती गृहस्थ मुंबईत ‘काका’ म्हणून ओळखले जात. न. चिं. केळकर चिटणीस झाले. टिळकांनी स्वतःकडे पद घेतले नाही. सनदशीर मार्गाने साम्राज्यांतर्गत स्वराज्य मिळवायचे, हे लीगने उद्दिष्ट म्हणून लिहून ठेवले.

तीन दिवसांनी, १ मे रोजी, टिळक बेळगावात बोलले. ३१ मे आणि १ जून रोजी अहमदनगरला दोन भाषणे झाली. गुप्त पोलीस खात्याचे लघुलेखक ती टिपून घेत होते. पुढचा सगळा खटला या तीन मराठी भाषणांवर उभा राहिला.

बेळगावच्या भाषणाचा कणा म्हणजे ‘सरकार’ या शब्दाची फोड. टिळक म्हणतात, एक सरकार अदृश्य असते आणि एक दृश्य. लोकांच्या सुखासाठी राज्य चालले पाहिजे हे तत्त्व आणि त्या तत्त्वाचा धनी जो बादशहा, ते अदृश्य सरकार. कलेक्टर, कमिशनर, पोलीस, रोज आपल्याशी गाठ पडणारी ही माणसे म्हणजे दृश्य सरकार. निर्गुण ब्रह्म मायेच्या संसर्गाने सगुण होते, ही वेदान्ताची उपमा त्यांनी दिली आणि सांगितले की आमचे भांडण पहिल्याशी नाही, दुसऱ्याशी आहे. राजा बदलायचा नाही, कारभार कुणाच्या हाती असावा एवढे बदलायचे आहे. मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहून आलेला हा वक्ता होता. समोरच्या श्रोत्यांना कीर्तनातून ब्रह्म आणि माया ठाऊक होती, त्यामुळे समजावून सांगायला फार शब्द लागले नसतील.

इथे भाषेचा एक पेच आहे. मराठीत ‘सरकार’ म्हणजे राज्यसंस्था, तसाच साहेब, आणि एके काळी जमीनदारसुद्धा. इंग्रजी भाषांतरकाराला त्यातला एक अर्थ निवडावाच लागतो. टिळक हे जाणून होते. १९०८ च्या खटल्यात स्वतःची बाजू स्वतः मांडताना त्यांनी भाषांतर खात्याचे भास्कर विष्णू जोशी यांची शब्दाशब्दावर उलटतपासणी घेतली होती आणि ज्युरीपुढे एकवीस तासांहून अधिक वेळ भाषण केले होते. ज्या माणसाने एका शब्दाच्या भाषांतरासाठी सहा वर्षे भोगली, तो १९१६ मध्ये व्याख्या आधी सांगतो आणि मग टीका करतो. त्या भाषणांची रचना वकिली आहे असे काहींना वाटते. मला ती अनुभवाने शिकलेल्या माणसाची वाटते.

नगरच्या भाषणातला ‘परके’ या शब्दाचा ऊहापोह तर आजही थांबून वाचावा असा आहे. परकेपणा धर्माने ठरत नाही, धंद्याने नाही, कातडीच्या रंगाने नाही. तो हितसंबंधाने ठरतो. या देशातल्या लोकांचे ज्यात हित आहे ते जो करतो, तो मुसलमान असो की इंग्रज, परका नव्हे. हे सांगून झाल्यावर ते म्हणतात की आजची नोकरशाही परकी आहे, कारण तिचे लक्ष या देशाच्या हिताकडे नाही. सरकारी पक्षाला यात इंग्रजांविषयीचा द्वेष दिसला. वाक्य उलट दिशेने चालले आहे, हे मूळ मराठी वाचणाऱ्याला दिसते.

मागणी होती तरी काय? तेव्हा मुंबई कायदेमंडळातले निवडलेले सभासदसुद्धा नगरपालिका, लोकल बोर्डे, जमीनदार अशा ठरावीक गटांतून येत, आणि अंदाजपत्रकावर त्यांचा ताबा नव्हता. आज जिथे नवी मुंबई आहे ती गावे तेव्हा ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत मोडत. बेलापूर पट्टीतल्या भातशेतकऱ्याला, मिठागरावरच्या मजुराला आपला सारा कोण ठरवतो यावर मत द्यायची सोय नव्हती. बेळगाव आणि नगरचे श्रोतेही त्याच स्थितीत होते. टिळक त्यांना सांगत होते की हा अधिकार मागायचा, पार्लमेंटकडून कायदा करून घ्यायचा आणि तोवर मागणी सोडायची नाही.

२३ जुलै १९१६ रोजी टिळकांना साठ वर्षे पूर्ण झाली. पुण्यात नारायण पेठेतल्या गायकवाड वाड्यात सत्कार झाला आणि लोकांनी एक लाख रुपयांची थैली दिली. ती रक्कम त्यांनी राष्ट्रकार्याला अर्पण केली. त्याच दिवशी पोलीस नोटीस घेऊन आले.

नोटिशीवर तारीख होती २२ जुलै. आठ वर्षांपूर्वी याच तारखेला रात्री न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली होती. तारखा मुद्दाम जुळवल्या असे मी म्हणत नाही, पण वाड्यात जमलेल्या मंडळींना ती तारीख आठवल्याशिवाय राहिली नसेल. गुप्त पोलीस खात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर जनरल गायडर यांच्या फिर्यादीवरून पुण्याचे जिल्हा मॅजिस्ट्रेट हॅच यांनी ती काढली होती. तीन भाषणांतून तुम्ही राजद्रोही मजकूर तोंडी पसरवला, तेव्हा एक वर्ष चांगले वागण्याबद्दल वीस हजारांचा मुचलका आणि दहा हजारांचा एक असे दोन जामीन का घेऊ नयेत, याचे कारण दाखवा, असे त्यात म्हटले होते.

सरकारने सरळ राजद्रोहाचा खटला न भरता कलम १०८ का निवडले? माझ्या मते त्याचे उत्तर १९०८ मध्ये आहे. तेव्हा सेशन्स खटला झाला, ज्युरी बसली. सात विरुद्ध दोन असा कौल आला आणि त्या दोघा पारशी ज्युरर्सची असहमती जगाला कळली. शिक्षेनंतर मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले, गोळीबार झाला, माणसे मेली. मंडालेहून परतलेला माणूस पूर्वीपेक्षा मोठा होऊन आला. युद्ध चालू असताना, सैन्यभरतीला लोक हवे असताना हे सगळे पुन्हा नको होते. कलम १०८ मध्ये ज्युरी नाही. समोर बसतो तो जिल्हा मॅजिस्ट्रेट, म्हणजे जिल्ह्याचा कारभार पाहणारा कलेक्टरच. आरोपीला दोषी ठरवावे लागत नाही, त्यामुळे त्याला हुतात्मा करण्याचा धोकाही कमी. आणि मुचलका लिहून दिला की पुढचे वर्षभर प्रत्येक वाक्याला चाळीस हजारांची टांगती तलवार. लिहून दिला नाही तर तेवढ्या मुदतीचा तुरुंग. टीका नोकरशाहीवर होती आणि ती राजद्रोही आहे की नाही हे त्याच नोकरशाहीतला अधिकारी ठरवणार होता. यात न्यायाचा भाग नव्हता. तोंड बांधण्याचा हा उपाय होता आणि कागदपत्रे वाचून दुसरा निष्कर्ष मला काढता येत नाही.

तिकडे मद्रासेत ॲनी बेझंट यांच्या ‘न्यू इंडिया’कडून प्रेस ॲक्टखाली दोन हजारांचा जामीन मे महिन्यात मागितला होता. ऑगस्टात तो जप्त झाला आणि दहा हजारांचा नवा मागितला गेला. दोघेही होमरूलवाले, दोन्हीकडे एकच हत्यार.

पुण्यात सरकारच्या बाजूने बिनिंग उभे राहिले. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर महंमद अली जीना होते, सोबत एरूलकर, बॅप्टिस्टा आणि करंदीकर. १९०८ मध्ये याच जीनांनी टिळकांच्या जामिनासाठी अर्ज केला होता आणि दावरांनी तो फेटाळला होता. आता जीनांचे म्हणणे असे होते की भाषणे संपूर्ण वाचा, सुटी वाक्ये उचलू नका. वक्ता बादशहाशी निष्ठा सांगतो, सनदशीर मार्ग सांगतो आणि टीका करतो ती नोकरशाहीवर. हॅच यांना हे पटले नाही. १२ ऑगस्टला त्यांनी नोटीस कायम केली. मुचलका झाला, जामीनदार उभे राहिले आणि मुंबई हायकोर्टात फेरतपासणीचा अर्ज गेला.

अर्जाची सुनावणी न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती लल्लूभाई शहा यांच्यापुढे झाली. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी दोघांनी एकमताने हुकूम रद्द केला आणि मुचलका व जामीन मोकळे केले. टिळक त्या बंधनाखाली एकोणनव्वद दिवस होते.

बॅचलर यांचा निकाल टिळकांची तरफदारी करत नाही, आणि म्हणूनच तो मोलाचा. जीनांचे दोन मुद्दे त्यांनी जसेच्या तसे मानले नाहीत. राजनिष्ठेची ग्वाही दिली म्हणजे कलम लागूच होत नाही, असे नाही, कारण कायद्याने बादशहा आणि हिंदुस्थानातले कायद्याने स्थापित सरकार यांचा वेगळा उल्लेख केला आहे. आणि सरकार माणसांच्या हातूनच चालते, मुलकी नोकरवर्ग हे त्याचे मुख्य साधन आहे. तेव्हा त्या वर्गावर सरसकट केलेली टीका सरकारवर पडते की नाही, हे वस्तुस्थिती पाहूनच ठरवावे लागेल. बेळगावातली दृश्य-अदृश्याची फोड अशी कायद्याच्या कसोटीवर पुरती टिकली नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

टिकली ती मागणी. बॅचलर यांनी विचारले, या वक्त्याला पाहिजे आहे काय? आणि उत्तर दिले की भारतीयांना राजकीय अधिकारात मोठा, हळूहळू वाढत जाणारा वाटा मिळावा आणि कारभार लोकांच्या ताब्याखाली यावा, एवढे. असे उद्दिष्ट मांडणे हा मुळात कायद्याचा भंग नाही. भाषणे वाचण्याची रीतही त्यांनी सांगितली. सरकारच्या बाजूने ताणू नका, अर्जदाराच्या बाजूनेही ताणू नका, सुट्या शब्दांपेक्षा एकूण परिणाम पाहा. काही वाक्ये त्यांना अन्यायकारक वाटली, तेही त्यांनी सांगितले. पण भाषण संपल्यावर श्रोत्याच्या मनात उरते ती सुधारणेची मागणी, द्वेष नव्हे, असे त्यांचे मत पडले. न्यायमूर्ती शहा यांनी वेगळे निकालपत्र देऊन तोच निष्कर्ष नोंदवला.

पुण्याच्या मॅजिस्ट्रेटला जे तीन महिन्यांपूर्वी दिसले नाही ते हायकोर्टाला दिसले, याचे श्रेय मी कायद्याच्या पुस्तकाला देणार नाही. पुस्तक दोघांपुढे तेच होते. फरक एवढाच होता की या दोन न्यायमूर्तींना जिल्हा चालवायचा नव्हता.

निकालाचा फायदा टिळकांपुरता राहिला नाही. स्वराज्य मागणे बेकायदा नाही असे खुद्द हायकोर्टाने म्हटल्यावर होमरूलच्या सभांना कायद्याची ढाल मिळाली. सात आठवड्यांनी लखनौला काँग्रेस भरली आणि टिळक पुन्हा तिच्या व्यासपीठावर आले. काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांनी मिळून केलेल्या योजनेत कायदेमंडळांतले चार पंचमांश सभासद निवडलेले असावेत, अशी मागणी होती. २० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री मॉंटेग्यू यांनी पार्लमेंटात जबाबदार राज्यपद्धती टप्प्याटप्प्याने आणण्याचे धोरण जाहीर केले.

सरकारने मात्र हात आखडला नाही, फक्त कोर्टाची वाट टाळली. १९१७ च्या आरंभी पंजाब आणि दिल्लीत टिळकांना प्रवेशबंदी झाली. जूनमध्ये बेझंट आणि त्यांचे सहकारी अरुंडेल व वाडिया यांना स्थानबद्ध केले. १९१८ च्या वसंतात पार्लमेंटपुढे मागणी मांडायला निघालेल्या होमरूल शिष्टमंडळाला कोलंबोतून परत फिरवले. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्ध परिषद बोलावली. राजनिष्ठा सांगून टिळक स्वराज्याकडे वळताच त्यांना थांबवण्यात आले आणि ते सभात्याग करून बाहेर पडले. ऑगस्टात तर परवानगीवाचून जाहीर भाषण करण्यालाच बंदी आली. या हुकुमांना ना ज्युरी लागली, ना मुचलका, ना ज्यांच्यापुढे अर्ज करावा असे बॅचलर.

हायकोर्टाच्या इमारतीत ज्या दालनात १९०८ चा खटला चालला, त्याबाहेर टिळकांचे तेव्हाचे उद्गार संगमरवरावर कोरलेले आहेत. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते त्या फलकाचे अनावरण झाले. तो पाहायला लोक जातात आणि जावेच. पण १९१६ चा निकालही शोधून वाचा. बॉम्बे लॉ रिपोर्टरच्या एकोणिसाव्या खंडात, पान २११ वर तो आहे, आणि कुठल्याही बार लायब्ररीत मिळतो. वाचताना बेळगाव आणि नगरची भाषणे शेजारी ठेवा, जमले तर मोठ्याने वाचा, कारण ती ऐकण्यासाठी होती.

१२४अ हे कलम १ जुलै २०२४ पासून त्या आकड्याने पुस्तकात नाही. १०८ मधली तरतूद मात्र कायम आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याला १२७ हा क्रमांक मिळाला आहे, अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आहेत आणि बाँडची मुदत आजही जास्तीत जास्त एक वर्ष आहे.